पाणी तुंबलं, आता जबाबदारी कोणाची?

नमस्कार श्रोतेहो. पावसाळ्यात नवी मुंबईत वाशी, सानपाडा, नेरूळ भागातल्या सोसायट्यांत पाणी साचलं की पहिला फोन महानगरपालिकेला जातो. त्याआधी एक काम करा. फाटकाजवळचं पावसाळी लाईनचं शेवटचं चेंबर उघडून बघा. ते रिकामं असेल आणि आवारात पाणी असेल, तर अडथळा आतला आहे आणि तो काढणं सोसायटीचं काम. ते काठोकाठ भरलेलं असेल, तर बाहेरची लाईन पाणी घेत नाही.

बाहेरची लाईन तरी नेहमी गाळानेच तुंबते असं नाही. आपल्या शहराचा मोठा भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडकोने खाडीकाठी धारण तलाव बांधले. त्यांच्या तोंडाची झडप ओहोटीत उघडते आणि भरतीत खाडीच्या दाबाने बंद होते. तेवढा वेळ पावसाचं पाणी तलावात थांबतं. पण तलावात गाळ साचलाय, खारफुटीही वाढलीय. ती कायद्याने संरक्षित असल्यामुळे परवानगीशिवाय तिथे हात लावता येत नाही. म्हणून भरतीचं वेळापत्रक जवळ ठेवा. ओहोटी लागूनही चेंबरमधली पातळी हलली नाही, तर तक्रार नक्की करा. सार्वजनिक गटारं बांधणं आणि साफ ठेवणं हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 नुसार पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. विभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या, जवळच्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक, वेळ आणि फोटो जोडा, आणि पोच घ्या.

आता आवारातलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर तासाला 50 मिलिमीटर पडला, तर 50 हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवले असतील, तर यातलं फार थोडं जमिनीत मुरतं. आवाराचा उतार गटाराकडे साधारण शंभराला एक तरी हवा. मे महिन्यातच चेंबरमधला गाळ काढा, आणि तो रस्त्याकडेला ढीग करून ठेवू नका. पहिल्याच सरीत तो पालिकेच्या जाळीत जातो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे गच्चीचा पाईप ड्रेनेज लाईनला, म्हणजे मलवाहिनीला जोडणं. मलवाहिनी एवढं पाणी वाहून नेण्यासाठी नसते. ती भरली की मैला तळमजल्याच्या संडासातून वर येतो. ते घर बहुधा ज्यांनी जोडणी केली त्यांचं नसतंच. त्यावर उपाय म्हणून लोक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप बसवतात, पण तो इमारतीच्या मुख्य लाईनवर बसवला तर घोटाळा होतो. झडप बंद होते आणि वरच्या मजल्यांचं सांडपाणी बाहेर जायला वाट नसल्यामुळे तळमजल्यावरच उसळतं. म्हणून तळमजल्याची शाखा वेगळी करून व्हॉल्व्ह फक्त तिच्यावर बसवा. दर महिन्याला उघडून पाहा. चिंधी किंवा तेलाचा थर अडकला, तर झडप अर्धी उघडीच राहते.

रस्ता काँक्रीटचा होताना तो आवारापेक्षा उंच होतोय असं दिसलं, तर काम सुरू असतानाच विभाग कार्यालयाला लेखी कळवा आणि गटाराची पातळी मोजून मागा. काँक्रीट एकदा बसलं की ते फोडायला कोणी तयार होत नाही.