ज्याला भैरवी नाही

मंडळी, नमस्कार.

मी मिरजेत गाणं शिकवते. मोबाईलच्या व्यसनावर बोलायला एखादा डॉक्टर बोलवा, असं मी संयोजकांना म्हटलं होतं. ते म्हणाले, डॉक्टर मागच्या वर्षी येऊन गेले. तुम्ही तुमच्या घरात आणि क्लासात काय बघता ते सांगा. तेवढंच सांगायला आले आहे.

परवा भाचीकडे गेले होते. तिचा मुलगा अडीच वर्षांचा. संध्याकाळी ती त्याला भरवत होती. वाटीत मऊ वरणभात, वर साजूक तूप, लिंबाचे दोन थेंब. समोर तांब्याला टेकवून फोन उभा केलेला. घास ओठाला लागला की तोंड उघडायचं, घास आत गेला की मिटायचं. नजर पडद्यावरून हलत नव्हती. आठ-दहा घास झाले आणि फोनची बॅटरी संपली. पोरानं मान खाली घातली, वाटीत बोट बुडवलं आणि विचारलं, "हे काय?"

रोज तोच वरणभात खाणारं मूल ते. भाचीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी तिला बोल लावणार नाही. दिवसभर नोकरी करून आलेली बाई, पोटात चार घास जावेत म्हणून फोन लावते; घरोघरी हेच चाललंय. पण त्याचा तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

आणि मी तरी कुठे निराळी होते? यजमान गेल्यानंतर रात्री झोप यायची नाही. दहा वाजता अंथरुणावर पडले की वाटायचं, खाँसाहेबांची भैरवीतली ठुमरी ऐकू आणि झोपू. अब्दुल करीम खाँसाहेब आमच्या मिरजेचे, त्यांच्या आवाजावर आमच्या घराच्या दोन पिढ्या वाढल्या. ठुमरी सुरू व्हायची. मधेच खाली दुसरं चित्र दिसायचं, म्हणून बोट लावायचं. मग कोणीतरी कढईत वडे सोडतंय, मग कोणाची बिर्याणी, मग एका मुलीची अर्ध्या मिनिटाची तान, मग परत वडे. मान वर केली की दीड वाजलेला असायचा. इतक्या रात्रीत ती ठुमरी मी एकदाही पुरती ऐकली नाही. तीन-सव्वातीन मिनिटांची ठुमरी हो!

तेव्हा मी विचार करायला लागले. खाणं आणि गाणं, दोन्ही मला जन्मापासून आवडतं. त्यांचा कधी असा जाच झाला नव्हता. मग फोनमधून तेच खाणं, तेच गाणं आलं तर असं का होतं?

पंगत आठवा. ताक वाढायला आलं की सगळ्यांना कळतं, जेवण संपत आलं. कोणी कोणाला उठवत नाही. घरी आई चुलीपुढे बसून भाकरी थापायची, आम्ही चौघं भावंडं ओळीनं पाटावर. एका वेळी तव्यावर एकच भाकरी. ती उलथायची, पाणी फिरवलेली बाजू तव्यावर यायची, मग निखाऱ्याला लावली की टम्म फुगायची. आईनं वरचा पापुद्रा बोटानं सोडवला की आतून वाफेचा भपकारा यायचा, त्यात शेंगदाण्याची चटणी आणि तेल. ती पहिल्याच्या ताटात पडायची आणि पुढचे तिघं वाट बघायचे. भाकरीपेक्षा भरभर जेवताच यायचं नाही. परातीतलं पीठ संपलं की विषय संपला.

गाण्याचंही तसंच. १९०२ साली कलकत्त्याला गौहर जान यांचं गाणं पहिल्यांदा तबकडीवर घेतलं गेलं. तबकडी पुरायची जेमतेम तीन मिनिटं. तेवढ्यात राग मांडायचा आणि शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या, तिथल्या कारागिरांना गाणं कोणाचं ते कळावं म्हणून. पुढे आमच्या लहानपणी कॅसेट आल्या. एक बाजू संपली की बटण खट्‌कन वर यायचं आणि खोलीत शांतता व्हायची. उलटी करायची की चहा टाकायचा, हे त्या शांततेत ठरायचं. आकाशवाणीची रात्रीची सभा संपायची, रेडिओ खरखरायला लागायचा, वडील उठून बंद करायचे. आणि मैफल? ती भैरवीनं संपते. कितीही रंगू दे, कितीही फर्माइशी येऊ देत, भैरवी झाली की गवई पुढे दुसरा राग धरत नाही. ऐकणारेही मागत नाहीत. चपला शोधत, तीच गुणगुणत घरी जातात.

फोनला ताक नाही आणि भैरवीही नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

हे आपोआप झालेलं नाही. पूर्वी पडद्यावरचं पान संपायचं आणि 'पुढे' असं बटण दाबावं लागायचं. २००६ साली अझा रस्किन नावाच्या अमेरिकन तरुणानं युक्ती काढली : बटण नकोच, खाली सरकवत राहा, मजकूर येत राहील. लोकांची सोय व्हावी असं त्याच्या मनात होतं. पुढे त्यानंच जाहीरपणे खंत व्यक्त केली. पान संपतं तिथं माणूस क्षणभर थांबतो आणि 'पुरे आता' म्हणू शकतो. ती थांबायची जागाच निघून गेली. त्यात भर म्हणजे पुढे काय येईल ते ठाऊक नसतं. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. चोच मारल्यावर दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं ठेवलं की कबुतर चोच मारायचं थांबत नाही. आपला अंगठा तेच करतो.

ज्यांचं प्रकरण हाताबाहेर गेलंय, त्यांना माझ्यासारख्या गाणारणीच्या बोलण्यानं काही होणार नाही. त्यांनी डॉक्टरच गाठावा. व्हिडिओ गेमच्या व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली आजारांच्या यादीत घेतलंय, बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून यासाठी वेगळा दवाखाना चालतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

क्लासात काय दिसतं? मुलं येतात ती ऐकलेलं गाणं शिकवा म्हणतात. म्हण बघू, असं मी म्हणते. मुखडा म्हणतात, सुरेल म्हणतात, हरकतसुद्धा जशीच्या तशी घेतात. मी विचारते, "अंतरा?" गप्प. एकीनं मला विचारलं, "याला अंतरा आहे का?" हुशार मुलगी, कान तर असा की मला हेवा वाटावा. गाण्याचा जेवढा तुकडा तिच्या वाट्याला आला, तेवढंच गाणं असं ती धरून चालली होती. मी त्या दिवशी पाठ घेतलाच नाही. आम्ही दोघींनी ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा ऐकलं.

आपल्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावनं जे केलं ते तुम्हाला ठाऊक असेल. १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी, २०२२ साली, गावानं ठरवलं : संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाईल बंद. साडेआठला परत भोंगा. कोरोनात शाळा फोनवर आली आणि पोरांच्या हातात फोन राहूनच गेला, ही गावाची अडचण होती. आशाताई, अंगणवाडीच्या ताई, निवृत्त गुरुजी घरोघर फिरले, तेव्हा ते जमलं. मला त्यातलं फार आवडतं ते हे, की भोंगा सगळ्यांना एकदम ऐकू येतो. 'तू ठेव की फोन' असं आईनं मुलाला म्हणायचं आणि स्वतः बघत बसायचं, याला तिथं जागाच राहत नाही. एकट्यानं उठणं अवघड, पण सगळी पंगत उठली की आपणही उठतो.

मी घरात एवढंच केलं की गाणं ऐकायला जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला. दुकानदार म्हणाला, ताई, फोनवर सगळं फुकट आहे. मला ती खट्‌ पाहिजे होती.

अजून एक गोष्ट सांगते आणि थांबते. नववीतला एक मुलगा माझ्याकडे येतो. तो फोनमधल्या तंबोऱ्यावर रियाज करायचा. फोनमधल्या तंबोऱ्याला मी नावं ठेवत नाही. पावसाळ्यात तारा दगा देतात तेव्हा मीही यंत्र लावते. पण त्याच्या तंबोऱ्यात मधेच टिंग वाजायचं, तो डोळे उघडायचा, आणि षड्ज गेलाच म्हणून समजा. मग मी त्याला खरा तंबोरा दिला. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सगळ्यांना अभिमान वाटला. पण आमच्या गल्लीतल्या किती मुलांनी तो मांडीशी धरलाय? पंढरपूरकडचा भोपळा, त्यावर घोडी, घोडीवर चार तारा. आधी जोडीच्या तारा षड्जात लावायच्या, मग पंचम, मग खर्ज. मग तारेखाली दोरा घालून केसभर मागेपुढे सरकवायचा. नुसती तार बोथट बोलते. दोरा नेमक्या जागी आला की एकाएकी जवारी खुलते, एका तारेतून झुंडीनं सूर बाहेर पडतात. ती जागा बघून सापडत नाही, ऐकूनच सापडते.

पहिल्या दिवशी त्याला पाऊण तास लागला. मी स्वयंपाकघरात वांगी चिरत होते, मुद्दाम गेले नाही. पंचम चढायचा, उतरायचा, परत चढायचा. मग एकदम खोली भरून गेली. मी विळी तशीच ठेवून दाराशी आले. त्याचे डोळे मिटलेले होते, कान भोपळ्याला टेकलेला. बराच वेळ नुसताच छेडत बसला. मग म्हणाला, "आजी, आज गायलो नाही. नुसता लावला."

म्हटलं, चालेल.

त्यानं तंबोरा उचलला, गवसणी चढवली आणि नाडी स्वतःच बांधली.