उंच बंकरमागे उभं कसं राहायचं?

नमस्कार! आज फक्त पेंटबॉलमधल्या उंच बंकरबद्दल बोलूया, म्हणजे मैदानावरचा असा आडोसा, ज्याच्यामागे माणूस पूर्ण उभा राहू शकतो.

असा बंकर मिळाला की नवा खेळाडू निर्धास्त होतो, ताठ उभा राहून त्याला चिकटतो. मग कोपरावर नाहीतर हॉपरवर, म्हणजे बंदुकीवरच्या गोळ्यांच्या डब्यावर, रंगाची गोळी फुटते आणि तो बाद. हो, मार्करवर, म्हणजे बंदुकीवर, फुटलेली गोळीही धरतात!

म्हणून आधी अंतर. (हातभर मागे सरकत) एवढं. चिकटून राहिलात की तुमच्याआधी तुमची नळी बाहेर दिसते, आणि मार्कर या बाजूचा त्या बाजूला न्यायला जागाच उरत नाही. मागे असलात की कडेवरून जरा जरा सरकत मैदान थोडं थोडं उघडता येतं. दोन्ही बाजूंनी मारा होत असेल तेव्हा मात्र बंकरला बिलगा आणि अंग आवळून घ्या.

आता पाय. मला विचाराल तर सगळा खेळ इथेच आहे. पाय खांद्यांइतके फाकलेले, गुडघे सैल, वजन चवड्यांवर. कमरेतून वाकून डोकावू नका. तसं केलं की तोल बाहेर जातो आणि परत येताना अख्खं धड ओढून आणावं लागतं. त्याऐवजी कडेकडचा गुडघा वाकवा, वजन त्या पायावर घ्या, एक-दोन गोळ्या झाडा आणि त्याच पायाने जमीन रेटून आत या. मैदानांवर गोळीचा वेग साधारणपणे सेकंदाला 280 ते 300 फुटांवर बांधलेला असतो. म्हणजे 100 फुटांवरून ती यायला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात तुम्ही आत हवेत.

उजव्या कडेने मार्कर उजव्या हातात, डाव्या कडेने डाव्या. हात बदलला नाही तर डावीकडून नेम धरताना अर्धी छाती उघडी पडते. मला डावा हात फार दिवस परका वाटायचा. हवेची टाकी काढलेला मार्कर घेऊन आरशासमोर रोज सराव केला, तेव्हा कुठे जमलं. तुम्हीही करा, आणि मास्क घालूनच करा, कारण मास्कमुळे मार्कर खांद्याला वेगळा बसतो. कोपर बरगडीला लावा, हॉपर थोडा बंकरकडे कलता ठेवा.

आणि एकाच जागी दोनदा डोकावू नका! उभ्याने गोळी झाडलीत, तर पुढच्या वेळी एक गुडघा टेकून खालून या. समोरच्याची नळी अजून तुमच्या आधीच्याच उंचीवर रोखलेली असेल.