सात भाऊ, एक बायको आणि अधिक महिना

बाहेर बोर्डावर विषय लिहिलाय ‘प्राचीन ज्यू विवाहपद्धती आणि मरणोत्तर जीवनाविषयीचे वाद’. हे नाव मी दिलेलं नाही बरं का. मी फोनवर सांगितलं होतं, सात भाऊ आणि एक बायको. तर सेक्रेटरी म्हणाले, काका, जरा भारदस्त असू द्या, ज्येष्ठ मंडळी असतात. म्हटलं ठीक आहे. पण बोलणार मी त्याच सात भावांवर.

गोष्ट तुमच्यापैकी काहींना माहिती असेल, नव्या करारात मार्कच्या बाराव्या अध्यायात आहे. यरुशलेममध्ये सदूकी लोक येशूकडे येतात. हे म्हणजे तिथले बडे लोक, मंदिराच्या पुरोहित घराण्यांतले बरेच, आणि मेलेली माणसं पुन्हा उठतात हे त्यांना अजिबात मान्य नाही. ते विचारतात, गुरुजी, मोशेचा कायदा असा की भाऊ निपुत्रिक मेला तर त्याच्या विधवेशी दिरानं लग्न करायचं. आता सात भाऊ होते. पहिला मेला, मूल नाही. दुसऱ्यानं तिच्याशी लग्न केलं, तोही मेला. तिसरा, चौथा, असं करत साती गेले, शेवटी ती बाई पण गेली. मग पुनरुत्थानाच्या दिवशी सगळे उठले की ती बायको कोणाची?

आता माझी तक्रार. ही गोष्ट मी निदान वीस वेळा प्रवचनांत ऐकली असेल आणि प्रत्येक वेळी सांगणारा सदूक्यांना हसतो. काय मूर्ख लोक, काय आचरट प्रश्न, म्हणे पाचव्या भावाला संशय कसा आला नाही! (हशा) हसा, हसा, मी पण पहिल्यांदा हसलो होतो. पण प्रश्न मूर्ख नाहीये. तो वारस नोंदीचा प्रश्न आहे, आणि वारस नोंदीला हसायचं नसतं हे मला विचारा. बत्तीस वर्षं मी तलाठी होतो. सातबारा, आठ-अ, फेरफार, यातच केस पांढरे झाले.

एकदा एक बाई आली होती, तिशीची असेल, नवरा गेलेला, मूल नाही. वारस नोंद करायची होती. मागे दीर उभा. तो म्हणतो, अण्णासाहेब, वहिनीचं नाव कशाला लावताय, आम्ही आहोत ना बघायला. आता कायद्यानं ती पहिल्या वर्गातली वारस, नाव लागणारच, मी लावलं. पण जाताना ती बाई जे बोलली ते डोक्यात राहिलं. म्हणाली, माझं लागलं ते बरं झालं, पण यांचं नाव तर गेलंच की आता उताऱ्यावरनं.

बरेच वर्षांनी मी मोशेचा तो कायदा वाचला. ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक, अध्याय पंचवीस. मराठी बायबलात त्या पुस्तकाचं नावच अनुवाद आहे, लहानपणी मला वाटायचं हे एकच भाषांतर केलंय आणि बाकीची मुळातच मराठीत होती! तिथे अनुवाद म्हणजे पुन्हा सांगणं, मोशे सगळा कायदा पुन्हा सांगतो म्हणून. तर त्यात कारण दिलंय की पहिला मुलगा होईल तो मेलेल्या भावाच्या नावानं चालेल, म्हणजे त्याचं नाव इस्राएलातून पुसलं जाणार नाही. मी वाचलं आणि ती बाईच डोळ्यासमोर आली.

याला हिब्रूत यिब्बूम म्हणतात. आता लगेच कोणीतरी म्हणेल हा तर आपला नियोग. नाही हो. नियोगात लग्न होत नाही, इथे ती रीतसर बायको होते. आणि गंमत म्हणजे एरवी भावाची बायको त्यांच्यात कडक निषिद्ध आहे, लेवीय पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, भाऊ मेला तरी निषिद्धच. म्हणजे मूल असेल तर तीच बाई पाप आणि मूल नसेल तर तीच बाई कर्तव्य! एवढ्याशा फरकावर मिश्नात, म्हणजे रब्बींच्या, ज्यू धर्मपंडितांच्या कायद्यांच्या संग्रहात, एक आख्खा ग्रंथ उभा आहे, यवामोत, आणि तो सुरूच होतो पंधरा प्रकारच्या बायकांच्या यादीनं, ज्यांच्यामुळे दीर सुटतो आणि त्यांच्या सवतीपण सुटतात. सवतीला हिब्रूत शब्द आहे त्सारा. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ संकट. (हशा) बायका जास्त हसल्या, नोंद घेतलीय मी.

दिराला नको असेल तर? त्याची पण सोय आहे. वेशीत वडीलधाऱ्यांसमोर ती बाई त्याच्या पायातली चप्पल काढते, त्याच्यासमोर थुंकते आणि म्हणते, जो भावाचं घर बांधत नाही त्याचं असंच व्हावं. आणि मग त्या घराला नाव पडतं, जोडा काढलेल्याचं घर. याला हलित्सा म्हणतात. पुढे रब्बींनी ठरवलं थुंकायचं ते तोंडावर नाही, समोर जमिनीवर. जोडा पण ठराविक पद्धतीचा, सगळा चामड्याचा, उजव्या पायात घालायचा.

रूथच्या गोष्टीत हेच थोडं वेगळ्या तऱ्हेनं येतं. रूथ विधवा, सासू नामी पण विधवा, जमीन सोडवायची आहे. बवाज जवळच्या नातेवाइकाला वेशीत बसवून विचारतो, जमीन घेतोस का? तो म्हणतो घेतो. बवाज म्हणतो, मग रूथ पण घ्यावी लागेल, मेलेल्याचं नाव जमिनीवर राहायला हवं. लगेच तो मागे सरतो, म्हणतो माझ्या स्वतःच्या वतनाचं नुकसान होईल. आणि चप्पल काढून देतो! शंभर टक्के तलाठी ऑफिसचा सीन. पण खरी मजा अशी की त्या माणसाचं नावच पुस्तकात नाही. बवाज त्याला हाक मारतो ‘प्लोनी अल्मोनी’, म्हणजे अरे अमक्या-तमक्या. ज्यानं मेलेल्याचं नाव ठेवलं नाही त्याचं स्वतःचं नाव लिहिणाऱ्यानं ठेवलं नाही. आणि हा प्लोनी म्हणजे अरबीतला फुलान, जो फारसीतून आपल्याकडे फलाणा होऊन आला. म्हणजे तो फलाणा-बिस्ताणा आपल्या ओळखीचाच निघाला.

लग्नाबद्दल पण बोलायला हवं, बोर्डावर लिहिलंय म्हणून. लग्न दोन टप्प्यांत व्हायचं, आधी पक्की मागणी, तीसुद्धा इतकी पक्की की मोडायला घटस्फोट लागायचा, मग कुमारिकेला तयारीला साधारण वर्षभर मुदत, मग नांदायला जाणं. मिश्ना सांगते कुमारिकेचं लग्न बुधवारी करावं, कारण कोर्ट सोमवारी आणि गुरुवारी बसायचं, नवऱ्याची काही तक्रार असेल तर गुरुवारी सकाळी हजर! मुहूर्त बघायचा तो कोर्टाच्या तारखेवर. आणि केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, कुमारिकेला दोनशे झूझ, म्हणजे चांदीची नाणी, आणि विधवेला शंभर, नवरा मेला किंवा सोडलं तर तिला मिळायचे. आधी हे पैसे वेगळे काढून ठेवायचे, तर नवरा जरा चिडला की म्हणायचा, घे तुझा केतुबा आणि चालू लाग. मग शिमोन बेन शेताह नावाच्या पंडितानं नियम केला की नवऱ्यानं लिहून द्यायचं, माझी सगळी मालमत्ता या कराराला बांधील आहे. झालं, नवऱ्यांचा राग एकदम कमी झाला असणार. बोजा चढवला की माणूस विचार करतो, हा माझा पण अनुभव आहे.

बाबाथा नावाच्या बाईबद्दल बोलायचा मोह होतोय, मृत समुद्राजवळच्या गुहेत तिची चामड्याची पिशवी सापडली 1961 साली, आत तिची सगळी कागदपत्रं, त्यात इसवी सन 127 ची खजुराच्या बागांची नोंद, पण नाही, वेळ नाही. त्याऐवजी माझी आवडती गोष्ट सांगतो.

यरुशलेमी तालमूदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात आहे. तेरा भाऊ होते. बारा मेले, बाराही निपुत्रिक. उरला तेरावा. बारा विधवा त्याला घेऊन रब्बी यहूदा हनासीकडे आल्या, हा फार मोठा माणूस, इसवी सन 200 च्या सुमाराला मिश्नाचं संकलन त्यानं केलं. रब्बी म्हणाला, जा, कर यांच्याशी लग्न. तो म्हणाला, महाराज, बारा जणींना पोसायची ऐपत नाही माझी. त्यावर त्या बायका एकेक करून म्हणाल्या, माझ्या महिन्याचं मी बघते. बारा बायका, बारा महिने, हिशोब चोख. तेव्हा हा माणूस काय म्हणतो माहितीय? म्हणतो, आणि अधिक महिना आला तर?

बघा म्हणजे, बारा जणी तयार, बारा घरं उभी राहतायत, आणि याचं डोकं अधिक महिन्यात अडकलंय! असा एक माणूस प्रत्येक मीटिंगला असतोच. त्यांचं पंचांग पण आपल्यासारखंच, चंद्राचे महिने आणि सूर्याचं वर्ष, म्हणून एकोणीस वर्षांत सात अधिक महिने, त्यांचा अदार नावाचा महिना दोनदा येतो. आपल्याकडे धोंड्याचा महिना आला की सासरेबुवांना घाम फुटतो अनारशांपायी, तिकडे या दिराला फुटला. तर रब्बी म्हणाला, अधिक महिन्याचं मी बघतो. आणि आशीर्वाद देऊन पाठवलं.

तीन वर्षं गेली. मग एक दिवस रब्बीच्या दारात गर्दी. आत निरोप गेला, खाली पोरांचं एक आख्खं गाव आलंय तुम्हाला भेटायला. रब्बीनं खिडकीतून वाकून बघितलं, छत्तीस पोरं. काय काम काढलंत? तर म्हणाले, तो अधिक महिना द्या. आणि त्यानं दिला.

मला ही गोष्ट का आवडते सांगू? यात स्वर्ग नाही, देवदूत नाहीत, कोणी थडग्यातून उठत नाही. बारा मेलेली माणसं आहेत आणि छत्तीस पोरं दारात उभी आहेत. मेलेल्यांचं पुनरुत्थान म्हणतात ते हेच नाही तर काय? माझा मुद्दाच हा आहे आज, की यिब्बूम म्हणजे परलोक न मानणाऱ्या माणसांचा परलोक.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. अहो अजून मरणोत्तर जीवन सुरू व्हायचंय! बरं, पण एक सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही, कारण ते घरचं आहे. माझं बालपण अलिबागकडचं, शेजारी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते नाव. आमच्यासारखंच मराठी बोलायचे, आडनावं पण सगळी गावावरून, अमुककर तमुककर. ही मंडळी इस्रायलला गेली आणि 1962 साली तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयानं लग्न नोंदवणाऱ्यांना सूचना काढल्या, यांचं लग्न इतर ज्यूंशी लावताना आधी आई, आजी, पणजी तपासा. शंका काय, तर कोकणात शेकडो वर्षं राहिलेल्या या लोकांना घटस्फोटाचे आणि या हलित्साचे नियम माहिती नसणार, मग त्यांची जुनी लग्नं शुद्ध कशावरून? म्हणजे मोशेच्या काळातली ती चप्पल कुठे येऊन पडली बघा. लोक यरुशलेममध्ये निदर्शनाला बसले, आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व बाबतीत ज्यूच आहेत. आणि त्याच इस्रायलमध्ये 1950 सालीच मुख्य रब्बींनी यिब्बूम बंद करून फक्त हलित्सा ठेवली होती. असो.

आता धावत सांगतो. जुन्या ग्रंथांत मेल्यावर काय, तर शेओल, एक अंधारी जागा, चांगला जाईल तिथे आणि वाईटही तिथेच. बक्षीस हवं ते इथेच, जमीन, पाऊस, म्हातारपण, नातवंडं. मग इसवी सनापूर्वी 167 च्या सुमाराला अंतिओखस राजानं धर्म पाळणाऱ्यांना मारायला सुरुवात केली. आणि हिशोब बिघडला. कारण नियम पाळणारेच तरुणपणी मरायला लागले, पोरंबाळं व्हायच्या आधी. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात एक आई आहे आणि तिचे, मोजा, सात मुलगे. साती जण डोळ्यांदेखत मारले जातात आणि मरताना म्हणतात, देव आम्हाला परत उठवेल. त्याच काळातल्या दानीएलच्या पुस्तकात येतं की मातीत झोपलेले पुष्कळ जागे होतील. कोणता दीर यांचं नाव चालवणार होता? भाऊच शिल्लक नव्हता.

म्हणून म्हणतो, सदूक्यांच्या प्रश्नातले सात भाऊ उगाच सात नाहीत असं मला वाटतं. हे माझं मत, पुरावा मागू नका. तोबीतच्या पुस्तकात पण सारा नावाच्या मुलीचे सात नवरे पहिल्या रात्रीच मरतात. सदूकी म्हणतायत, माणसाचं नाव टिकवायची सोय मोशेनं केलेली आहे, लग्नात, जमिनीत, मग ही दुसरी सोय तुम्ही कुठून काढलीत? दोन्ही एकत्र बसतच नाहीत, बघा, बायको वाटून देता येते का ते. परूशी, म्हणजे पुनरुत्थान मानणारा दुसरा ज्यू पंथ, म्हणत होते बसतात. येशू म्हणाला, उठल्यावर कोणी लग्न करत नाही, देवदूतांसारखे असतात, आणि सदूकी तर देवदूत पण मानत नव्हते म्हणतात, म्हणजे उत्तरात आणखी मीठ चोळलं! मग त्यानं दाखला दिला मोशेच्याच पुस्तकातला, जळत्या झुडपातला, मी अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा देव आहे, तो मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा देव. लूक सांगतो की काही शास्त्री म्हणाले, गुरुजी, छान बोललात. पुढे तिसऱ्या शतकात रव नावाचा बाबिलोनचा पंडित जवळपास तेच सांगतो, येणाऱ्या जगात खाणंपिणं नाही, संतती नाही, धंदा नाही, फक्त डोक्यावर मुकुट घालून बसायचं. म्हणजे यिब्बूमची फाइलच बंद.

सन 70 मध्ये मंदिर पडलं, मंदिराबरोबर सदूकीही गेले, आणि परूश्यांच्या वारसांनी मिश्नात लिहून टाकलं, जो म्हणेल की पुनरुत्थान तोरात, म्हणजे मोशेच्या ग्रंथांत, नाही त्याला येणाऱ्या जगात वाटा नाही. वाटा! शब्द बघा कुठला वापरलाय. शेवटी तिथेही उतारा काढलाच.

दुसरी चिठ्ठी. हो हो, आवरतो. ‘मेलेले उठले तर रेशन कार्डाचं काय’ असा प्रश्न आलाय लेखी, नाव नाही लिहिलेलं. तर अलेक्झांड्रियाच्या लोकांनी रब्बी यहोशुआ बेन हनन्याला असंच विचारलं होतं, की प्रेताला शिवलं तर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी शुद्धीचं पाणी शिंपडावं लागतं, मग जे स्वतःच प्रेत होते ते उठल्यावर त्यांच्यावर पण शिंपडायचं का? तो म्हणाला, ते उठू देत तर आधी, मग बघू.

चहा आलाय ना?