झाकणाच्या आतली अक्षरं

खिशातलं जुनं घड्याळ हातात आलं की आपण आधी तबकडी बघतो. ही घड्याळं जमवणारा माणूस मात्र ते उलटं करतो, नखानं मागचं झाकण उघडतो आणि उजेडात तिरकं धरतो.

तिथं सुईच्या टोकानं ओरखडल्यासारख्या रेघा आहेत. एक आकडा, दोन आद्याक्षरं, कुठं तारीख. ज्या ज्या घड्याळजीनं हे घड्याळ दुरुस्त केलं, त्यानं आपल्यापुरती ठेवलेली ही खूण. घड्याळ पुन्हा आपल्याकडे आलं, तर आपलं जुनं काम ओळखता यावं म्हणून.

या झाकणात अशा चार खुणा आहेत. आणि घड्याळ बंद आहे.

आतल्या यंत्रावरचा क्रमांक बघा. वॉल्थम, एल्जिन या अमेरिकी कंपन्यांच्या क्रमांकांच्या याद्या मिळतात, त्यावरून घड्याळाचं साल साधारण कळतं. वॉल्थमच्या कारखान्यानं 1850 च्या दशकात सुटे भाग यंत्रावर बनवायला घेतले, एका घड्याळातला भाग दुसऱ्यात बसावा अशा बेतानं. नवशिक्यांनी या घड्याळांपासून सुरुवात करावी, असं मी म्हणतो ते त्यामुळेच. त्याच मॉडेलचं एखादं मेलेलं घड्याळ मिळालं, तर अर्धी चिंता मिटते.

हे रेल्वेचं घड्याळ आहे. काटे फिरवण्यासाठी याचं डोकं, म्हणजे किल्ली द्यायची वरची गुंडी, ओढून उपयोग नाही. पुढची काच फिरवून काढायची, तबकडीच्या कडेला दडलेली पट्टी नखानं ओढायची, तेव्हा कुठं काटे हलतात. एवढा खटाटोप कशासाठी? तर चुकून वेळ बदलू नये म्हणून. 1891 च्या एप्रिलमध्ये ओहायोतल्या किप्टनला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एका चालकाचं घड्याळ चार मिनिटं थांबून पुन्हा चालू झालं होतं, असं सांगतात. त्यानंतर वेब बॉल या जवाहिऱ्याकडे रेल्वेच्या घड्याळांची तपासणी सोपवली गेली आणि नियम कडक झाले: आठवड्याला 30 सेकंदांपेक्षा जास्त फरक नको, किमान 17 खडे, म्हणजे आसांची टोकं ज्यांत फिरतात ती माणकं, हवेत, आणि घड्याळ पाच वेगवेगळ्या स्थितींत धरून जुळवलेलं हवं.

आता हत्यारं. पण कुठल्याही स्क्रूला हात लावण्याआधी मुख्य स्प्रिंगमधला ताण हळूहळू सोडायचा. हे विसरलात, तर गुंडाळलेली सगळी ताकद एका झटक्यात चाकांवर येते आणि दाते तुटतात. मी एकदा विसरलोय. दुसऱ्यांदा नाही.

बॅलन्स व्हील, म्हणजे डोलत राहून वेळ राखणारं चाक, चिमट्यानं उचलून भिंगाखाली धरलं, की दुखणं सापडतं. आसाचं टोक मोडलंय. ते टोक जाडीला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतं, आणि या घड्याळांत धक्का झेलायची काहीच सोय नाही. एकदा हातातून पडलं की संपलं. नवा आस बसवणं हे लेथवरचं काम, इथं घाईला जागा नाही.

मग सफाई. जुनं तेल चिकट होऊन माणकांच्या भोकांत बसलेलं असतं, ते काढून टाचणीच्या टोकाहूनही लहान थेंब द्यायचा. जास्त दिलं तर पसरतं, आणि जिथं नको तिथं जातं. घड्याळाच्या बाहेरच्या केसला मात्र पॉलिश नाही. घासून गुळगुळीत झालेली नक्षी कुणालाही परत आणता येत नाही.

बॅलन्स जागेवर ठेवला, त्याला वरून धरणारा पूल बसवला, डोकं दोन फेरे फिरवून किल्ली दिली. चाक स्वतःहून डोलायला लागतं. सेकंदाला पाच ठोके, तासाला 18,000.

झाकण लावण्याआधी सुई समोरच पडलेली असते. पाचव्या खुणेला जागाही आहे. मी कोरत नाही. एका चिठ्ठीवर तारीख टाकतो, खाली लिहितो, "आस बदलला. साफ केलं, तेल दिलं. पाच स्थितींत तपासणं बाकी," आणि चिठ्ठी घड्याळाच्या डबीत ठेवतो.