जन्म : राजापूर

(चिपळूणमध्ये वाचनालयाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

ही पेटी बघा. पुढच्या रांगेतल्या मंडळींनी ओळखली असेल. एसटीत मशीन यायच्या आधी कंडक्टरच्या हातात असायची तसली, अ‍ॅल्युमिनियमची. माझी सरकारी पेटी मी रीतसर जमा केली. ही भंगारातून घेतलेली आहे. हे आधीच सांगतो, कारण आमच्या डेपोतले दोघं मागे बसलेत. मधल्या पट्ट्या काढल्या की हिच्यात खेळाडूंची कार्डं बरोबर उभी बसतात, डोकी तेवढी वर दिसतात. गर्दीच्या गाडीत पॅसेंजर उभे असावेत तशी.

आज मला 'छंद आणि संस्कृती' असा विषय दिला होता. तो मला पेलायचा नाही. मी फक्त या पेटीबद्दल बोलणार. हिच्यात कोकणाशी नातं असलेल्या खेळाडूंची कार्डं आहेत. ब्रॅडमन नाही, रिचर्ड्स नाही, कपिलसुद्धा नाही. लोक विचारतात, एवढंसं कशाला जमवता, सगळे जमवा की. सगळे जमवायला एक तर पैसा लागतो, नाही तर मोठं घर लागतं. माझ्याकडे दोन्ही नाही. पण खरं कारण वेगळं आहे, ते बोलता बोलता येईल.

मी लहान होतो तेव्हा आमच्या वाडीत कार्डं नव्हतीच. काड्यापेटीचे छाप होते आणि सिगारेटची रिकामी पाकिटं. ती रस्त्यावरून उचलायची, उलगडायची, पाटाखाली दाबून सपाट करायची आणि त्यांवर डाव लावायचे. गंमत बघा, जगात खेळाडूंची कार्डं सुरू झाली तीही सिगारेटच्या पाकिटातूनच. पाकीट मऊ, आतल्या सिगारेटी मोडायच्या, म्हणून पुठ्ठ्याचा एक तुकडा घालायचे. मग त्या तुकड्यावर चित्र छापायची टूम निघाली. इंग्लंडात क्रिकेटपटू, अमेरिकेत बेसबॉलवाले. आपला रणजी, म्हणजे रणजितसिंहजी, तिकडच्या सिगारेट कार्डांवर झळकला होता. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि १९४० मध्ये इंग्लंडातली ही कार्डं बंद पडली. पुढे त्यांची जागा च्युइंगमनं घेतली.

आमच्याकडे च्युइंगमची कार्डं आली ती चाकरमान्यांबरोबर. गणपतीला मुंबईहून चुलत भावंडं यायची आणि त्यांच्या खिशात क्रिकेटपटूंची चित्रं असायची. मुंबईत ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायची, आम्हाला वर्षातून दोनदा, गणपतीत आणि मे महिन्यात. एका गावसकरसाठी मी चुलत भावाला फणसाच्या आठळ्यांची अख्खी पिशवी दिली आहे, ती पण भाजून. आजी ओरडली होती, "त्या कागदांवर भात वाढायचाय काय रे?" कार्डं मी जुन्या वहीत खळीनं चिकटवली. गव्हाच्या पिठाची घट्ट खळ. दोन पावसाळे गेले आणि वही उघडली तर कसरीनं खळ खाल्ली होती आणि खळीबरोबर मोहिंदर अमरनाथचे दोन्ही पाय. ज्यांच्या घरी जुनं काही कागदावरचं आहे त्यांनी एवढं ध्यानात ठेवा, कसरीला कागदापेक्षा खळ जास्त आवडते.

त्या वहीतल्या एका कार्डाच्या मागे इंग्रजीत लिहिलं होतं, जन्म राजापूर. मी ते दहा वेळा वाचलं. कार्ड दिलीप वेंगसरकरचं. तोपर्यंत मला वाटायचं, क्रिकेटपटू मुंबईतच जन्माला येतात, जसे समुद्रातले मासे समुद्रातच. राजापूर म्हणजे आमच्या मामाचं गाव पुढे, गाडी बदलायला उतरायचं ते. आणि तिथला माणूस लॉर्ड्सवर शतक मारतो! एकदा नव्हे. १९७९ ला १०३, १९८२ ला १५७, १९८६ ला नाबाद १२६. लॉर्ड्सवर तीन कसोटी शतकं करणारा तो पहिला परदेशी फलंदाज. ११६ कसोट्या, १७ शतकं. ट्रम्प कार्डांच्या डावात हे कार्ड हातात आलं की मी 'शतकं' म्हणायचो आणि समोरचा गप्प. फक्त समोर गावसकर असला की माझी पंचाईत.

इथून पुढे मी प्रत्येक कार्ड आधी उलटं करून बघायला लागलो. पुढची बाजू सगळे बघतात. मला मागची बघायची सवय लागली ती अजून आहे.

आता अडचण सांगतो. कोकणी माणसाच्या कार्डाच्या मागे कोकण नसतंच. 'जन्म मुंबई' असतं. आपल्याकडे बाप गिरणीत, आई चाळीत, पोराचा जन्म परळला नाही तर गिरगावात. पण गाव विचारलं तर तो परळ सांगतो का? तो सांगतो गुहागर, नाही तर देवगड. कार्ड छापणाऱ्याला हे कसं कळणार? त्याच्याकडे 'जन्मस्थान' हा रकाना आहे, 'गाव' हा रकाना नाही. मराठीत आपण एका शब्दात जे विचारतो ते त्या कार्डावर कुठंच बसत नाही.

मग मी आडनावांवर गेलो. 'कर' दिसला की घेतला कोकणात. लवकरच लक्षात आलं, असं केलं तर मुंबईची निम्मी रणजी टीम माझ्या पेटीत येईल, शिवाय घाटावरचे कर वेगळेच. आत्ता कुणीतरी मागून विचारलं, सचिनचं काय? तेंडुलकर आडनाव तेंडोलीचं, कुडाळजवळचं, हे बरोबर. त्यानं पन्नासावा वाढदिवसही सिंधुदुर्गात किनाऱ्यावर साजरा केला. पण सचिनचं कार्ड मी ठेवलेलं नाही. रागावू नका. त्याचं कार्ड कुणाच्याही घरी सापडतं, त्याला माझ्या पेटीची गरज नाही. हा माझा पक्षपात आहे आणि तो मी मान्य करतो.

गोव्याचं मात्र मी ठेवलं. दिलीप सरदेसाई मडगावचा, १९४० चा जन्म, म्हणजे पोर्तुगीज अमलातला. १९७१ ला वेस्ट इंडीजमध्ये त्यानं ६४२ धावा केल्या, त्यांत किंग्स्टनचं द्विशतक. किनारा एकच, मासळीही तीच. फार चर्चा नको.

आता आपल्या घराजवळ येतो. वाशिष्ठीच्या पलीकडे कालुस्ते. गुलाम पारकर तिथला. १९८२ साली मी तेरा वर्षांचा होतो आणि आमच्याकडे ट्रान्झिस्टर होता, म्हणून अर्धी वाडी आमच्या पडवीत. लॉर्ड्सवर गावसकरबरोबर सलामीला गुलाम पारकर. पडवीतल्या एकानं नारळ फोडायची तयारी ठेवली होती. पहिल्या डावात ६, दुसऱ्या डावात १. नारळ घरात गेला. त्याला पुन्हा कसोटी मिळाली नाही. पण त्याच सामन्यात वेंगसरकरनं १५७ केल्या. म्हणजे त्या दिवशी लॉर्ड्सच्या अकरांमध्ये एक राजापूरचा होता आणि एक कालुस्त्याचा. आपण तो सामना हरलो, तरी माझ्या हिशेबी त्या सामन्याइतका कोकणातला सामना दुसरा झाला नाही.

गुलाम पारकरसाठी मी फसलोही आहे. मुंबईत एका विक्रेत्यानं मला जुनं छापील चित्र दिलं, "घ्या तुमचा पारकर." पैसे मोजून घेतलं, घरी येऊन भिंगातून बघितलं तर तो रामनाथ पारकर. चूक माझीही म्हणा. दोघेही पारकर, दोघेही मुंबईकडून खेळलेले, दोघेही गावसकरबरोबर सलामीला गेलेले आणि दोघेही कव्हरला चेंडू अडवण्यात वाघ. रामनाथ दोन कसोट्या खेळला, १९७२-७३ ला इंग्लंडविरुद्ध. विक्रेत्याला परत करायला निघालो होतो, एसटीतच विचार बदलला. राहू दे म्हटलं. पेटीत दोघे शेजारी आहेत.

आणि आता मी या छंदातल्या ज्या भागासाठी इथवर आलो तो. ज्यांचं कार्डच नाही त्यांचं काय करायचं?

अलिबागचा उमेश कुळकर्णी, डावखुरा जलदगती. १९६७-६८ च्या ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला, चार कसोट्या खेळला. त्या वेळी आपल्याकडे कार्डं छापत कोण होतं? मालवणचे रमाकांत आचरेकर. प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, पण द्रोणाचार्य, पद्मश्री. कोचचं कार्ड कुणी छापत नाही. स्टंपवर एक रुपया ठेवायचा, जो बाद करेल त्याचा, नाही बाद झाला तर फलंदाजाचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. सचिनकडे तशी तेरा नाणी आहेत. मला विचाराल तर आचरेकरांची कार्डं तीच.

आणि या सगळ्यांच्या आधीचे बाळू पालवणकर. जन्म १८७६, धारवाडचा. पण आडनाव बघा, पालवण, हे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलं. बाप फौजेत होता, म्हणून जन्म तिकडे. म्हणजे आमच्या गिरणीवाल्यांचीच गोष्ट, एक पिढी आधीची. पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टीला पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, जाळ्या लावायच्या आणि साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकायची, अशी नोकरी. तेव्हा संघ धर्मावरून असायचे, आणि दलित म्हणून हिंदू संघात घ्यायला लोक आढेवेढे घेत होते. घेतलं तेव्हा चेंडू सगळ्यांनी एकच हाताळला, पण चहा त्याला मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९०६ ला त्याच्या गोलंदाजीवर हिंदूंनी युरोपियनांना हरवलं. १९११ ला भारताचा संघ इंग्लंडला गेला, संघ सपाटून हरला आणि या माणसानं त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. कर्णधारपद त्याला कधीच दिलं नाही. धाकट्या भावाला, विठ्ठलला, ते १९२३ ला मिळालं. चार भाऊ, चौघेही खेळले. त्या काळात इंग्लंडात सिगारेटच्या पाकिटांत क्रिकेटपटू येत होते. शंभर बळी घेणाऱ्या बाळूचं कार्ड माझ्या पेटीत नाही, कारण मला ते कुठं मिळालेलं नाही.

म्हणून मी ते केलं. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घेतला, अडीच बाय साडेतीन इंच कापला, हल्ली कार्डाचं माप तेच आहे. पुढची बाजू कोरी ठेवली. चित्र मला येत नाही आणि दुसऱ्याचं चित्र चिकटवायला मन होईना. मागे पेनानं लिहिलं, जन्म धारवाड, आणि खाली एक रकाना मी माझ्या अधिकारात वाढवला : गाव पालवण. अशी कोरी कार्डं पेटीत आता अकरा आहेत. माझा मुलगा म्हणतो, बाबा, ही कार्डं नव्हेत, ही मतदार यादी आहे. असेल.

पैशाचं विचारायचंच असतं लोकांना, तर तेही सांगतो. अमेरिकेत मिकी मँटल नावाच्या बेसबॉलवाल्याचं १९५२ चं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. इतकं महाग का? त्या वर्षीची न खपलेली कार्डं कंपनीनं १९६० साली पडावात भरून न्यूयॉर्कजवळ समुद्रात ओतली. ज्यानं ओतली त्यानंच ही हकीकत पुढे सांगितली. दर्यात पडल्यावर उरलेल्यांचा भाव वाढणार, हे आपल्याकडे मासळी बाजारातली कुठलीही बाई सांगेल. माझ्या पेटीचा भाव तुम्ही सांगितलात तर मी जेवण देईन.

समुद्राचं निघालं म्हणून पाण्याचं. २०२१ च्या जुलैची बावीस तारीख इथं कुणाला सांगायला नको. आम्ही तेव्हा बाजारपेठेजवळ तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. २००५ च्या पुरानंतर कार्डं मी कपाटाच्या वरच्या खणात ठेवायला लागलो होतो. २००५ ला पाणी जिथवर आलं होतं त्याच्या वर. या वेळी पाणी तो खण ओलांडून गेलं. आम्ही शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी खाली आलो तर कपाट आडवं आणि चिखल पोटरीभर. वहीचा लगदा झाला होता. ही पेटी कपाटाखाली सापडली, आत गाळ, पण कार्डं उभीच होती.

सगळ्यांनी सल्ला दिला, उन्हात टाक. जुलैत ऊन कुठलं? आणि ते चांगलंच झालं. गुळगुळीत कागद ओला असताना वाळवला तर एकमेकांना कायमचा चिकटतो. मी स्वच्छ पाण्याच्या बादलीत कार्डं बुडवून ठेवली आणि एकेक सोडवली. बायको त्याच वेळी दुसऱ्या बादलीत रेशनकार्ड धूत होती. मग सुपात टीपकागद घालून पंख्याखाली, वीज आली तेव्हा. हल्ली प्रत्येक कार्डाला वेगळी पिशवी घालतो, मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकची नव्हे, ते शाई ओढतं. सोबत औषधाच्या बाटलीतल्या त्या छोट्या पुड्या असतात, दमट हवेसाठी. रबर नको, उन्हाळ्यात वितळतं. लॅमिनेशन तर अजिबात नको, तुमच्या सर्टिफिकेटांनाही नको.

वेंगसरकर काही वाचला नाही. म्हणजे अर्धा वाचला. त्याच्या पुढचं कार्ड सोडवताना त्याची छापील बाजू सुटून त्या कार्डाच्या पाठीला चिकटून गेली. तिथं तो अजून आहे, उलटा, डावखुरा झालेला. मूळ कार्डाची पुढची बाजू आता नुसती करडी. मागची मात्र स्वच्छ आहे, अक्षर न् अक्षर वाचता येतं.

पेटी आता मी पुढच्या रांगेपासून फिरवायला देतो. हात पुसून घ्या, चहा झाला असेल तर बिस्किटांचा चुरा आधी झाडा. वेंगसरकर तिसरा आहे डावीकडून, तो उलटा करून वाचा. आणि एकूण शहात्तर आहेत, मी निघताना मोजतो. सवय आहे.