टॉमी बोलिन ऐकायचाय? मग 'स्पेक्ट्रम'पासून सुरुवात करा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तोच प्रश्न आलाय: "डीप पर्पलमध्ये रिची ब्लॅकमोरच्या जागी आला, तोच ना हा बोलिन?"

हो, तोच. डीप पर्पल म्हणजे ब्रिटिश रॉक बँड, ब्लॅकमोर त्यांचा गिटारवादक, आणि टॉमी बोलिनही गिटारवादकच. पण त्याची ओळख तिथून करून घेऊ नका हो!

बाकीचं भरभर सांगतो. अमेरिकेत आयोवामधल्या सू सिटीचा, जन्म १९५१. आधी झेफर हा बँड, मग जेम्स गँग हा दुसरा, १९७५ला पर्पल. ४ डिसेंबर १९७६ला मायामीत ड्रग्जच्या ओव्हरडोसनं गेला. वय २५. आदल्याच रात्री गिटारवादक जेफ बेकच्या आधी स्टेजवर वाजवलं होतं त्यानं.

आता मुद्द्याचं. १९७३, बिली कोबमचा अल्बम 'स्पेक्ट्रम'. कोबम म्हणजे महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडचा ड्रमर. कीबोर्डवर तिथलाच यान हॅमर. आणि या दोघांसमोर २१ वर्षांचा रॉकवाला पोरगा!

त्यातलं 'स्ट्रेटस' लावा. पहिली तीनेक मिनिटं धीर धरा. मग लेलँड स्क्लारचा बेस सुरू होतो, एकच तुकडा, लेहऱ्यासारखा फिरत राहतो. त्यावर कोबम सुटतो आणि बोलिन येतो. मी कॉलेजात असताना मित्राच्या खोलीवर हे ऐकलं आणि त्याच्या गिटारचे काही आवाज सिंथचेच, म्हणजे सिंथेसायझरचे, समजून बसलो होतो.

त्या आवाजांमागे आहे एकोप्लेक्स नावाचं यंत्र. "डीले पेडल म्हणजेच ना?" असं बरेच जण लिहितात. नाही! डीले पेडल म्हणजे सूर जरा उशिरानं परत ऐकवणारी, पायानं चालू-बंद करायची डबी. एकोप्लेक्स ही टेपवर चालणारी पेटी आहे. आत टेपचं वेटोळं फिरतं, वाजवलेला सूर टेपवर उतरतो आणि क्षणभरानं परत येतो. वर एक दांडी असते. ती सरकवली की सूर परतायची वेळ बदलते. आणि सरकवता सरकवताच ऐकलंत, तर परत येणारा सूर ताणला जातो, वर चढतो, खाली घसरतो. मींडच जणू, फक्त तारेवर नाही, टेपवर. बोलिन ती दांडी वाजवायचा. पुन्हा सांगतो, वाजवायचा! एकदा सेट करून सोडून देत नव्हता. म्हणून नुसतं डीले लावून "बोलिन टोन" असं शीर्षक दिलेले व्हिडिओ पाहिले की जीव तुटतो माझा.

एका ताईंनी विचारलंय, "त्याचा सोलो अल्बम 'टीझर' ऐकू का?" जरूर ऐका, गायलाही आहे तो त्यात. पण आज रात्री आधी 'स्ट्रेटस', आणि हेडफोन लावूनच.