कालचा आवाज कुठे गेला?

(पडद्यावर: अंधारी खोली. स्ट्रीमरच्या, म्हणजे नेटवर्कवरून गाणी वाजवणाऱ्या यंत्राच्या, छोट्या पडद्यावर पुढे सरकणारी पांढरी रेघ. शंभर टक्के. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतं.)

दिवा स्थिरावतो. ऐकणारा खुर्चीत बसतो आणि वर्षानुवर्षं ऐकलेलं गाणं लावतो. अर्ध्या मिनिटात तो पुढे झुकतो. गायिका जरा जवळ आल्यासारखी वाटते. झांजेची किणकिण सुटी ऐकू येते. की बेस थोडा उतरलाय? तो गाणं पुन्हा पहिल्यापासून लावतो.

काल रात्री हेच गाणं कसं वाजत होतं, हे ताडून पाहायला आता त्याच्याकडे काहीच उरलेलं नाही. जुनं फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारी आतली आज्ञावली, पुसलं गेलंय.

फर्मवेअरच्या अपडेटनं आवाज बदलतो का, यावर दोन्ही बाजूंनी तावातावानं बोललं जातं. आपण आधी यंत्राच्या आत जाऊ.

(पडद्यावर: झाकण काढलेला स्ट्रीमर. कॅमेरा सर्किट बोर्डवरून सावकाश सरकतो.)

गाणं इथे नेटवर्कमधून तुकड्या-तुकड्यांनी येतं. एखादा तुकडा वाटेत हरवला तर तो पुन्हा मागवला जातो, आणि सगळे ओळीनं लागले की बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, थांबतात. सीडीच्या दर्जाचं संगीत म्हणजे सेकंदाला आवाजाची 44,100 मोजमापं, म्हणजे नमुने, डाव्या-उजव्या बाजूचे वेगवेगळे, प्रत्येक नमुना 16 बिटांचा. फ्लॅक फाइल हे आकडे दाबून लहान करते, पण उलगडताना एकूण एक आकडा जसाच्या तसा परत येतो. मूळ आकड्यांवरून काढलेली एमडी5 ही खूण फाइलच्या सुरुवातीलाच नोंदवता येते, म्हणजे ताळा पाहायची सोयही आहे. त्यामुळे नवं फर्मवेअर फ्लॅक ‘जास्त गोड’ उलगडतं, हे मला पटत नाही. उलगडणं बरोबर असतं किंवा चुकतं. चुकलं तर खरखर होते, गाणं तुटतं. गोडवा कमी-जास्त होत नाही.

पण गाणं इथे संपत नाही. उलगडलेल्या आकड्यांवर पुढे बरंच काही होऊ शकतं. आवाज कमी-जास्त करणं हे बहुतेक यंत्रांत आकड्यांचं गणित असतं. इक्वलायझर, खोलीनुसार केलेली दुरुस्ती, एका नमुना-दरातून दुसऱ्यात नेणं, सगळं गणितच. आणि हे गणित फर्मवेअर करतं. ते बदललं तर बाहेर पडणारे आकडे खरोखर बदलतात.

मग येतो डॅक, आकड्यांची वीज करणारा. त्यात एक डिजिटल फिल्टर असतो. सीडीच्या संगीतात 20,000 हर्ट्‌झपर्यंत सगळं जपायचं आणि 22,050च्या वरचं अडवायचं, एवढ्या चिंचोळ्या जागेत त्याला काम करावं लागतं. तीव्र उताराचा फिल्टर अचानक आलेल्या ठोक्याच्या आगेमागे बारीक थरथर उमटवतो. सौम्य उताराचा फिल्टर ती थरथर कमी करतो, पण वरचे सूर थोडे लवकर उतरवतो. अनेक डॅक चिपांमध्ये असे चार-पाच फिल्टर तयार असतात आणि कोणता वापरायचा हे फर्मवेअर ठरवतं. अपडेटनं ती निवड बदलली तर तो फरक मोजता येतो. कानाला तो जाणवेल का, हे ऐकणाऱ्याच्या वयावरही अवलंबून आहे, कारण वरचे सूर ऐकण्याची ताकद वयाबरोबर कमी होत जाते.

(पडद्यावर: एफपीजीए चिपचं जवळून दृश्य.)

काही यंत्रांत गोष्ट याहून पुढे जाते. पीएस ऑडिओ या कंपनीचा 2014 साली आलेला डायरेक्टस्ट्रीम डॅक घ्या. त्यात बाजारातली तयार डॅक चिप नाही. एफपीजीए नावाच्या, हवी तशी घडवता येणाऱ्या चिपवर रूपांतराचं गणित लिहिलेलं आहे. तिथे अपडेट म्हणजे रूपांतराचं गणितच नव्यानं लिहिणं. त्या अपडेटांना कोलोरॅडोतल्या डोंगरांची नावं मिळाली: पाइक्स पीक, रेडक्लाउड, स्नोमास. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की फर्मवेअर एसडी कार्डावरून भरायचं असे. जुनं नको वाटलं तर नवं, नवं नको वाटलं तर पुन्हा जुनं.

जास्त वेळा मात्र कारण साधंच निघतं. अपडेटनंतर सेटिंग मूळपदावर जातात. आवाजाची मर्यादा उठते, सगळी गाणी सारख्या जोरात वाजवणारं, बंद ठेवलेलं पातळी-समायोजन चालू होतं, आणि जोरकस ध्वनिमुद्रण झालेली गाणी काही डेसिबलनं खाली येतात. एखाद्या डेसिबलचा फरक आपल्याला ‘मोठा आवाज’ म्हणून कळतच नाही. तो कळतो ‘जास्त मोकळा’, ‘जास्त जिवंत’ म्हणून. ऐकणारा खोटं बोलत नसतो. त्याला फरक खरंच ऐकू आलेला असतो, फक्त त्याचं कारण एका सेटिंगमध्ये असतं, आणि आपण फर्मवेअरच्या नावानं भुई धोपटत बसतो.

कान स्वतः बदलतो, तेही लक्षात घ्यायला हवं. आवाजाचे बारकावे स्मरणात काही सेकंदच टिकतात. अपडेट व्हायला लागतात कित्येक मिनिटं, आणि त्यानंतर आपण नेहमीपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतो. लक्ष दिलं की आधी निसटलेली झांज सापडते. ती कालही तिथेच होती.

(पडद्यावर: संगणकावर दोन ध्वनिलहरी, एकीखाली एक.)

यातून वाट निघते ती ध्वनिमुद्रणानं. अपडेटच्या आधी स्ट्रीमरचं डिजिटल आउटपुट संगणकात घ्यायचं. तोच तुकडा, तीच पातळी. अपडेटनंतर पुन्हा घ्यायचं. दोन्ही नमुन्याला नमुना जुळवून एकातून दुसरं वजा करायचं. बाकी शून्य आली, तर आकड्यांना कुणी हात लावलेला नाही. डॅकच्या पुढची बाजू तपासायची तर अ‍ॅनालॉग आउटपुटचंही ध्वनिमुद्रण हवं. तिथे बाकी शून्य येत नाही, कारण दोन वेळच्या मुद्रणांत घड्याळ किंचित पुढे-मागे होतंच. तिथे वरच्या सुरांचा उतार आणि तळाचा गोंगाट यांची तुलना करायची.

आणि मग, कोणतं मुद्रण वाजतंय ते न पाहता ऐकायचं. एबीएक्स चाचणीत ‘अ’ आणि ‘ब’, म्हणजे आधीचं आणि नंतरचं मुद्रण, माहीत असतात, ‘क्ष’ या दोघांपैकी कोणता ते ओळखायचं. पातळी 0.1 डेसिबलच्या आत जुळलेली हवी. सोळापैकी बारा वेळा बरोबर आलं, तर ते निव्वळ नशिबानं घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी. ही चाचणी कानाचा अपमान करण्यासाठी आहे असं अनेकांना वाटतं. मला ती कानाच्या बाजूनं दिलेली साक्ष वाटते. ज्याला फरक ऐकू येतो, त्याला तो सिद्ध करायची याहून चांगली संधी नाही.

हे सगळं ऐकणाऱ्यानंच का करावं? ‘स्थिरता सुधारली, किरकोळ दोष दूर केले’ एवढीच ओळ अपडेटबरोबर येते, तेव्हा मला राग येतो. फिल्टर बदलला का, पातळी बदलली का, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. ते त्यानं एका वाक्यात सांगावं, आणि जुन्या फर्मवेअरवर परतायचा रस्ता उघडा ठेवावा. यंत्र आपण घेतलं ते त्याचा आवाज ऐकून.

(पडद्यावर: पुन्हा तीच खोली. स्ट्रीमरच्या पडद्यावर ‘नवं अपडेट उपलब्ध’. एक हात बटणाशी थबकतो.)

तो वही उघडतो. फिल्टर कोणता, पातळी किती, काय चालू, काय बंद, सगळं उतरवून घेतो. केबल संगणकाला जोडतो. ओळखीचं गाणं लावतो आणि मुद्रण सुरू करतो. गाणं पूर्ण वाजू देतो. फाइलला आजची तारीख देतो.

मग बटण दाबतो.